जाळ्याला मारलेली गाठ

मोनालीने प्रिंटरमधून पानं ओढून घेतली तेव्हा शेवटचं पान अजून कोमट होतं. चार पानं. बाहेर कंटेनर यार्डाच्या गेटवर ट्रेलरची रांग लागली होती आणि एक ड्रायव्हर खिडकीच्या काचेवर टकटक करत उभा होता. तिने पानांची घडी केली, पर्समध्ये डब्याच्या मागे सरकवली आणि मगच त्याच्या कागदावर शिक्का मारला. ऑफिसच्या प्रिंटरवर काय छापतेस, असं शेजारच्या टेबलवरच्या सुशांतने विचारलं. घरचं काम, ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं. चार वर्षं हे काम ती ऑफिसात बसून करत आली होती, पण होतं ते घरचंच.

सकाळीच बातमी आली होती. नवीन पनवेलला राहणारी, बँकेतली नोकरी सोडून ‘दारावरची माणसं’ नावाचा ब्लॉग लिहिणारी मिताली. तिचं पुस्तक येत होतं. ‘खाडीकाठची मैना’. येत्या शनिवारी संध्याकाळी प्रकाशन, आणि जिच्यामुळे हे पुस्तक झालं त्या मैनामावशीचा त्याच वेळी सत्कार. बातमीखाली तासाभरात साठसत्तर अभिनंदनं जमली होती. मोनालीने ती सगळी वाचली. एकेक नाव वाचलं.

मैनामावशी म्हणजे मोनालीची आई. हे मितालीच्या वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ऑफिसात मोनालीने कधी सांगितलं नव्हतं. आणि मैनाला एक मुलगी आहे, ती आपलं अक्षर न् अक्षर वाचते, याचा मितालीला पत्ताच नव्हता.

सुरुवात झाली दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर. डब्याच्या सुट्टीत सुशांतने कुणीतरी पाठवलेला एक लेख मोठ्याने वाचायला घेतला होता. एक कोळीण बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते, पायऱ्यांवर बसते, भाव सांगताना देवाची शपथ घेते आणि उतरवताना दुसऱ्या देवाची. बोलणं असं हुबेहूब उतरवलं होतं की टेबलाभोवतीची सगळी माणसं डबे बाजूला ठेवून हसत होती. शेवट असा होता: ‘खाडीबाहेर गेलेल्या नवऱ्याचं ताट मावशी अजून वाढतात. नवरा काही परतला नाही, पण मांजराची तब्येत मात्र सुधारली आहे.’ सगळे खो खो हसले. मोनालीही हसली. हसताहसताच तिला ते मांजर ओळखीचं वाटलं. पांढरं, एका कानाने तुटकं. मग तिला ते ताटही ओळखू आलं.

लेखाचा राग तिला आलाच. पण त्या हसण्याचा राग आला तो कशाने जाईना. आपल्या बापाच्या ताटावर आपण दात काढले. काशिराम गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. होडी गेली ती आलीच नाही. आईने तिला महिन्याभरात आपट्याला दादूमामाकडे नेऊन ठेवलं, पोरीच्या हाताला मासळीचा वास लागता कामा नये म्हणून. ती तिथेच नदीकाठी शिकली आणि दहावी झाल्यावरच पनवेलला परतली. आईने उपसलेले सगळे कष्ट ज्या एका गोष्टीसाठी होते, ती गोष्ट म्हणजे मोनालीची ही टेबलखुर्ची. आणि त्याच टेबलावर बसून ती हसली होती.

त्या दिवसापासून मोनालीने डूख धरला. काम सोपं नव्हतं, कारण मितालीचा हात भारी सैल. ब्लॉगवर आठवड्याला दोन लेख, ऑर्कुटवर गप्पा, पुढे फेसबुकवर दिवसातून चार वेळा काहीबाही. हे सगळं वाचायला वेळ काढायचा कुठून? मोनालीने काढला. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. कळंबोलीच्या बसस्टॉपवर. साडेदहाला गेट थोडं मोकळं व्हायचं तेव्हा वीस मिनिटं. रोडपालीच्या घरी आल्यावर, पोळ्यांचा उंडा मुरेपर्यंत. माणसं देवाला देत नाहीत इतका वेळ तिने मितालीला दिला. बाईने कुठे काय खाल्लं, कुणाशी तिचं बिनसलं, गेल्या वर्षीचं कुठलं वाक्य या वर्षी फिरवलं, मोनालीला तोंडपाठ. भावेश ट्रेलर चालवायचा, चार दिवस घरी तर सहा दिवस रस्त्यावर. तो आला की चहा पिता पिता हमखास विचारायचा, “तुझी सवत काय म्हणते?”

पण वेळ येत नव्हती. मितालीचा आईवरचा सूर पुढे बदलत गेला. टिंगल गेली आणि त्या जागी कोळ्यांच्या रीतीभाती, खाडीच्या गोष्टी येऊ लागल्या. लोक वाहवा करू लागले. मोनाली त्यातही अपमान शोधायची आणि तो सापडायचाच, शोधणाऱ्याला काय सापडत नाही. आता मात्र आयती वेळ आली होती. भर सभेत, आईला शाल पांघरत असताना, तिसऱ्या रांगेतून उठायचं आणि हा पहिला लेख मांजरासकट वाचून दाखवायचा. त्यासाठीच ही चार पानं होती.

आधी आईला सांगणं भाग होतं. रविवारी ती कोळीवाड्यात गेली. मैना ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. मोनालीने इकडचं तिकडचं काही न बोलता पानं उघडली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज कापू नये म्हणून ती भराभर वाचत होती. मांजराचं वाक्य आलं तेव्हा ती थांबली, मग तेही वाचलं.

मैनाने एक बोंबील उन्हात धरून बघितला आणि बाजूला टाकला.

“हे जुनं हाय,” ती म्हणाली. “आशालताबायनी तवाच वाचून दाखवलेलं.”

आशालताबाई मितालीच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. लेख आला त्याच आठवड्यात त्यांनी मैनाला आत बोलावून, कॉम्प्युटरपुढे बसवून सगळं ऐकवलं होतं, संतापून. मैनाने ऐकलं, त्यांना अर्धा किलो कोलंबी दिली आणि कुणाला बोलू नका म्हणाली. मोनालीला तर अजिबात नाही.

“आणि तू अजून तिच्याकडे जातेस? चार वर्षं?”

“जाते. दिवसाची पैली भवानी तिच्याच हातची घेते.”

मोनालीचं रडू फुटायच्या बेतात होतं. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, जे मोनालीने लहानपणानंतर बघितलंच नव्हतं.

“तिला मी खरं सांगितलं, त्याचं तिनं मांजर केलं,” मैना म्हणाली. “मंग ठरवलं, हिला आता खरं सांगायचं नाय. तवापासून सगलं खोटं सांगते. ती चा आनून देते, पायरीवर बसते, अजून सांगा मावशी म्हनते. मी मासळी कापता कापता सांगते. जे तोंडाला येल ते.”

मोनालीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने विचारलं, बारा वर्षांतून एकदा खाडीत येणारा राणीमासा? तसला मासाच नाय, आई म्हणाली. नव्या नवरीने आषाढात खेकडे उलटे मोजायचे, ती रीत? खेकडे कोन मोजतो, ते काय उभे ऱ्हातात? समुद्राच्या सात बहिणी, त्यातली थोरली मुकी? त्या दिवशी मितालीच्या घरच्या थोरल्या बायने भाव फार पाडून मागितला होता, म्हणून तिला मुकी केली. दोघी हसायला लागल्या. मैना इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. पुस्तकात यातलं सगळं होतं. रीतीभातींचा मौलिक ठेवा, असं कुणा प्राध्यापकाने पुस्तकाबद्दल लिहिलंही होतं.

मोनालीने पानं घडी करून पर्समध्ये टाकली. मांजराची आता गरजच नव्हती. चार वर्षं आपण दगड शोधत होतो आणि आईने तिकडे अख्खी दरड रचून ठेवली होती, नुसता धक्का द्यायचा बाकी. धक्का आईनेच द्यायचा. सत्कार झाला की दोन शब्द बोला म्हणतीलच. तेव्हा आईने माइक हातात घ्यायचा आणि सांगायचं: हे सगळं खोटं आहे, मी बनवून सांगितलंय, आणि का सांगितलं तेही ऐका. पुस्तकाचे गठ्ठे तिथेच टेबलावर पडलेले असतील. मितालीचं तोंड कसं होईल, हे मोनालीला लख्ख दिसलं.

मैनाने थोडा विचार केला. मग ती म्हणाली, बोलीन.

परतताना रिक्षात मोनालीने मोबाइलवर ब्लॉग उघडला. एकेक लेख बघायचा, तारीख बघायची, मनात फुली मारायची. राणीमासा, फुली. खेकडे, फुली. असं करत ती दोन हजार अकराच्या पावसाळ्यापर्यंत आली आणि तिचा अंगठा थांबला. त्या लेखाचं नाव होतं ‘गाठ’. घरातला माणूस लांब निघाला की कोळणीने जुन्या जाळ्याच्या तुकड्याला एक गाठ मारून तो दाराजवळ टांगायचा. माणूस परतला की त्याने ती गाठ स्वतःच्या हाताने सोडवायची. गाठ आहे तोवर तो वाटेवर आहे.

हा लेख मोनालीने तेव्हा अपमान शोधायला म्हणूनच उघडला होता. अपमान सापडला नव्हता. आपट्याला वाढल्यामुळे आपल्याला आपल्याच माणसांचं काही कळलं नाही, एवढं मात्र तिला तेव्हा लागलं. आईला विचारायची लाज वाटली. परक्या बाईला माहीत आणि पोटच्या पोरीला माहीत नाही, असं कसं विचारणार? त्या वर्षी भावेशच्या पुढे चाललेला ट्रेलर घाटात उलटला होता. मोनालीने कारल्याच्या वेलाला हवंय म्हणून आईच्या परसातून जाळ्याचा एक तुकडा आणला होता आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगला होता. अडीच वर्षं झाली. भावेश निघाला की ती गाठ मारायची, आला की तो चपला काढायच्या आधी गाठ सोडवायचा. हे काय आहे, असं त्याने एकदा विचारलं होतं. आमच्यात असतं, ती म्हणाली होती.

रिक्षावाल्याने रोडपाली आली म्हणून दोनदा सांगितलं.

बुधवारी सकाळी भावेश कांडल्याला निघाला. या वेळी गाठबीठ काही नाही, असं मोनालीने ठरवलं होतं. जे आईने तोंडाला येईल तसं सांगितलं, आणि जे मितालीने लिहिलं, त्यावर आता हसायचं. भावेश जिना उतरला आणि खालून ओरडला, “गाठ मारलीस ना?”

“मारते,” ती म्हणाली.

ट्रेलर घ्यायला निघालेली त्याची मोटरसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने गाठ मारली, चांगली ओढून पक्की केली, आणि तिच्यावर भिंतीवरचं कॅलेंडर आणून टांगलं.

शनिवारी दुपारी मैना रोडपालीला आली. आपल्यासमोर आई तयार व्हावी, आणि माइकवर काय बोलायचं ते आणखी एकदा घटवून घेता यावं, म्हणून मोनालीनेच बोलावलं होतं. मैनाने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, केसांत अबोलीचा गजरा घातला. मोनालीने तिला वाक्यं सांगितली, तिने ती परत म्हणून दाखवली. पहिलं वाक्य, सगळं खोटं आहे. दुसरं, मांजराचं. मोनालीच्या अंगावर सुखाचा काटा आला.

निघताना मैना कॅलेंडरपाशी थांबली. हे न चुकणारं होतं आणि मोनालीच्या डोक्यातून तेच नेमकं निसटलं होतं. मैनाला अक्षर येत नव्हतं, पण अमावास्येचा काळा गोळा आणि पुनवेचा पांढरा गोळा कळायचा. त्यावरून भरतीओहोटी, भरतीओहोटीवरून मासळी. जाईल त्या घरी ती आधी कॅलेंडर बघायची. तिने पुढचा महिना बघायला पान वर उचललं, आणि कॅलेंडरच बाजूला सरकलं.

जाळ्याचा तुकडा तिच्या पुढ्यात लोंबत होता. मैनाने तो ओळखला. तिने गाठीला बोट लावलं.

“जावय कुटं गेलाय?”

“कांडल्याला.”

मैनाने कॅलेंडर होतं तसं सरळ केलं. मोनालीने कुलूप शोधायचं निमित्त केलं.

सभागृह भरलं होतं. मिताली निळ्या रेशमी साडीत होती आणि मोनालीने मनात धरली होती त्यापेक्षा ठेंगणी होती. ती मैनाचा हात धरून तिला मंचावर घेऊन गेली, मधली खुर्ची दिली. पाहुण्यांची भाषणं झाली, त्यांत राणीमासा दोनदा आला. मोनाली तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तरीही ती चार पानं तिने बरोबर आणली होती. आई घाबरली, अडखळली, तर आपण उठायचं.

मग मिताली पुस्तकातला एक उतारा वाचायला उभी राहिली. गाठीचा. चांगली वाचत होती ती, अगदी सावकाश. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्याला रुमाल लावला. ‘गाठ आहे तोवर तो वाटेवर आहे,’ या वाक्यावर मितालीचा स्वतःचाच आवाज भरून आला आणि मोनालीला तिचा इतका राग आला की तिने पर्सची चेन उघडून पानं हातात घेतली. आता उठावं, आत्ताच. हे खोटं आहे असं म्हणावं. एवढे तीन शब्द. ते तिच्या तोंडातून येईनात. भावेशचा सकाळचा फोन परतीच्या वाटेवर, भरूचच्या अलीकडून आला होता. रात्री तो घाटात असणार होता.

मैनाला शाल आणि नारळ दिला. दोन शब्द बोला मावशी, असं म्हणत मितालीने माइक तिच्या हातात दिला. मैनाने तो पापलेट धरावं तसा मुठीत धरला.

“बायनी जे लिवलंय, ते मी सांगितलंय,” मैना म्हणाली. “मना वाचता येत नाय. तवा त्यांनी काय लिवलंय आनि मी काय सांगितलेलं, ते मना ठाव नाय.”

लोक हसले. मितालीही हसली. मोनाली हसली नाही. पहिलं वाक्य हे नव्हतं.

मैनाने तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

“पन गाठीचं खरं हाय,” ती म्हणाली. “माजी पोर बांदते. जावय गाडीवर हाय, कांडल्याला. आता बी त्याची गाठ हाय दाराला. मी माज्या डोल्यांनी बगून आले.”

तिने माइक परत दिला. टाळ्या आधी दोनचार ठिकाणी वाजल्या आणि मग सगळीकडे. मिताली डोळे पुसत होती. कुठे आहे तुमची मुलगी, मावशी, आली आहे का, असं ती विचारत होती, आणि मैनाने हात लांब करून दाखवलं. सगळ्या माना वळल्या. चार वर्षांत पहिल्यांदा मितालीने मोनालीकडे बघितलं, डबडबलेल्या डोळ्यांनी, मायेने. मोनालीला उठावं लागलं. तिने हात जोडले तेव्हा पानांची घडी दोन तळव्यांच्या मध्ये तशीच होती.

बाहेर पायऱ्यांवर मैना चपला घालत होती. मोनालीने तिचा नारळ आणि पुस्तक हातात घेतलं.

“तू बोलणार होतीस.”

“बोलनार होते.”

“ती किती खूश झाली, बघितलंस?”

“बगितलं.” मैनाने दुसरी चप्पल घातली. “येक खोटं म्हनलं असतं तर सगलंच खोटं पडलं असतं, बाय. आदी भावेशला घरी येऊ दे. त्याच्या हातानं सोडवू दे. पुस्तक कुटं पलून जातंय?”

मैना दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली, मागे न बघता.

“ती गोष्ट सांगत व्हते ना तिला, तवा हातातला कोयता थांबलेला माजा. वाटलं, आपल्यात अशी रीत खरंच असती, तर तुज्या बापाच्या वेली मी पन मारली असती.”

रस्त्यावर रिक्षा पुष्कळ होत्या, पण दोघींपैकी कुणी हात केला नाही. पर्समध्ये मोबाइल थरथरला. मितालीने फोटो टाकले असणार. मोनालीने फोन काढला, आलेली सूचना न बघताच पुसली आणि भावेशला फोन लावला.

“कुठवर आलास?” तिने विचारलं.